पायाळू बायकोचा नवरा

आमच्या परभणीकडे काही दुखत नाही, दुखायलंय. 'दुखायला लागलंय' याचं हे आखडून गेलेलं रूप. मी निवृत्त होईपर्यंत शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे या क्रियापदाची खोड मला ठाऊक आहे. ते कधीच जुनं होत नाही. दुखणं माणसाबरोबर म्हातारं झालं तरी बोलण्यात ते आत्ताच, या घटकेला सुरू झालेलं असतं.

ठाऊक असूनही व्हायचं ते झालं. परभणीतल्या एका दवाखान्यात पुण्याकडचे एक डॉक्टर अधूनमधून येतात, त्यांना पाठ दाखवायला गेलो. त्यांनी विचारलं, "काय होतंय?" मी म्हणालो, "पाठीत दुखायलंय." ते म्हणाले, "अच्छा, आता दुखायला लागलं," आणि तसंच लिहून घेतलं. मी मान डोलावली. मग फोटो काढला गेला. तो उजेडासमोर धरून ते थोडे रागावूनच म्हणाले, "अहो, हे तर फार जुनं आहे! दोन ठिकाणी जुनी मोडतोड दिसते. लपवलंत कशाला?" लपवलं नव्हतं. व्याकरणाने दगा दिला होता.

दोन ठिकाणची मोडतोड खरी आहे आणि दोन्ही वेळा मी उंचावरून पडलो. पहिल्यांदा कॉलेजात असताना. कापसाने शीग लावून भरलेल्या ट्रॉलीवर, अगदी वर, मानवतच्या बाजाराला निघालो होतो. खाली कापूस, वर आभाळ, मध्ये मी, असा थाट होता. ओढ्याच्या उतारावर ट्रॉलीने हिसका दिला. पडायचंच असेल तर माणसाने कापसासकट पडावं. मी एकटाच पडलो, कापूस वरच राहिला.

दुसऱ्यांदा पडलो तो मान्यवरांबरोबर. एका गावात कुणाचा तरी भव्य नागरी सत्कार होता आणि मी सूत्रसंचालक होतो. आदरणीय, माननीय, सन्माननीय अशी विशेषणं आलटूनपालटून लावत मी एकेकाला वर बोलावत होतो. मंडपवाल्याने फळ्या टाकल्या होत्या त्या पत्रिकेतल्या नावांच्या हिशेबाने. पण प्रत्येक मान्यवर आपले आणखी मान्यवर घेऊन वर आला. "यानंतर मी विनंती करतो," एवढं मी म्हणालो आणि व्यासपीठ विनंतीची वाट न पाहता खाली गेलं. मान्यवर एकमेकांवर पडले, म्हणजे मऊ पडले. मी फळीच्या कडेवर. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती की कार्यक्रम थाटात पार पडला. इतकी अचूक बातमी मी नंतर कधी वाचली नाही.

तेव्हापासून वर्ष-सहा महिन्यांनी पाठ धरते. धरते म्हणजे आतून कुणीतरी कडी लावून घेतं. चप्पल घालताना, शिंकताना, कशाचंही निमित्त होतं. शिंक आली की मी आधी भिंत शोधतो. यंदा हरभरा घाट्यावर आला होता, दाणा भरत होता, तेव्हाची गोष्ट. सकाळी दाराखालून सरकवलेला पेपर उचलायला वाकलो आणि तिथेच चौकटीला धरून उभा राहिलो. ना वर, ना खाली. बायको चुलाणाकडून आली, तिने एकदा पाहिलं आणि काही न विचारता सतरंजी अंथरायला गेली.

तिला विचारावं लागत नाही. मला काखेत धरून खाली कसं घ्यायचं, कुठल्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये कोणती उशी, हे सगळं ती डोळे झाकून करते. मग गॅसवर विटकरीचा तुकडा तापवायचा, जुन्या धोतरात गुंडाळायचा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहायचा आणि मग माझ्या पाठीला. डॉक्टरांची गोळी ती वेळेवर देते. पण गोळी देताना तिचं तोंड बाजूला असतं. या तोंड बाजूला असण्याची ही हकीकत आहे.

माझी बायको पायाळू आहे. म्हणजे जन्मताना तिचं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे असं मानतात की पाठीत, कमरेत उसण भरली तर पायाळू माणसाने तिथे तीनदा पाय लावावा, उसण उतरते. सकाळी, अनशापोटी, कुणी कुणाशी न बोलता. तिचं माहेर ताडकळस. तिथे आठवड्याच्या बाजाराला आसपासच्या गावांतून माणसं यायची आणि भाजी-मिरची घ्यायच्या आधी तिच्या ओट्यावर येऊन पालथी पडायची. जमीनदार असो, सालगडी असो, पागोटं काढून बाजूला ठेवायचं आणि परकरातल्या पोरीचा पाय पाठीवर घ्यायचा. तालेवार माणसं जमिनीला नाक लावून पडलेली तिने इतक्या लहानपणी पाहिली की मोठेपणाचा तिच्यावर पुढे कधीच परिणाम झाला नाही. माझ्यापेक्षा तिची नजर या बाबतीत तयार आहे.

पायाळूला पथ्यंही असतात. वीज त्याच्यावर पडते म्हणतात, म्हणून आभाळ वाजलं की ती अजूनही वाळवणं तशीच टाकून घरात येते. शिवाय पायाळूला जमिनीतलं गुप्तधन दिसतं म्हणे. लग्न ठरवताना हे कुणी वापरलेलं दिसत नाही.

लग्न होऊन ती आमच्या वालूरला आली आणि तिची कीर्ती मागोमाग आली. मी शाळेत अंधश्रद्धेवर निबंध लिहून घ्यायचो आणि सकाळी माझ्याच ओसरीवर माणसं पालथी पडलेली असायची. मला त्यातलं गुपित कळत होतं. उसण तीन-चार दिवसांत आपोआप जाते. माणूस दोन दिवस कण्हतो आणि तिसऱ्या दिवशी पायाळू शोधतो. हे मी तिला नव्या नवरेपणाच्या हौसेने एकदा समजावूनही सांगितलं. ती म्हणाली, "मग तिसऱ्या दिशीच आलेलं बरं." नंतर मी तो विषय काढला नाही. शाळा तिची सातवीला सुटली, पुढे चूल, शेत, माझी आई, माझी पाठ. तिच्यापुढे कुणी हात जोडले असतील तर ते त्या पायासाठीच. शाल नाही, नारळ नाही, भाषण नाही. इतका साधा मान मी दुसरा पाहिलेला नाही, आणि तो चुकीच्या शास्त्रावर उभा असला तरी उभा होता. आमच्या व्यासपीठासारखा नव्हता.

फक्त मला तो पाय कधी मिळाला नाही. माझ्या आईने तिला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, "गावाला दे माय, पन नवऱ्याला पाय लावू नको." सांगायची गरज नव्हती. झोपेत चुकून पाय लागला तरी ती उठून बसते, हात लावून नमस्कार करते आणि मग परत झोपते. मलाही ते सोयीचं होतं. लागला आणि गुण आला नाही, तर काय घ्या?

या वेळी दुखणं लांबलं. आठवडा झाला तरी कडी निघेना. भेटायला माणसं येऊ लागली आणि प्रत्येक जण एक इलाज ठेवून जाऊ लागला. निर्गुडीचा पाला, म्हशीचं तूप, अमक्या गावचा ओढून देणारा माणूस. कुणीतरी मोबाइलवर पाठीचे व्यायाम दाखवले. त्यातला माणूस इतका लवचिक होता की त्याला पाठ असल्याचाच संशय यावा. एके दिवशी माझा एक जुना विद्यार्थी आला. आता तो पुढारी झालाय. बरोबर दोघं कार्यकर्ते आणि एक फोटोवाला.

"सर, तुमी कार्यक्रमाला येऊ शकला न्हाईत, म्हणून सत्कारच तुमच्याकडं आणलाय."

"अरे, मी आडवा आहे."

"तुमी उठायचंच न्हाई सर. आमी करतो सगळं."

त्यांनी खरंच सगळं केलं. माझ्या अंगावर शाल पांघरली, छातीवर नारळ ठेवला, तिघं माझ्या दोन्ही बाजूंना हात बांधून उभे राहिले. आडव्या माणसावर शाल टाकली की तो सत्कार दिसत नाही, हे फोटोवाल्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो म्हणाला, "सर, जरा डोळे उघडे ठेवा." दारात उभी राहून बायको हे पाहत होती. ते गेल्यावर ती म्हणाली, "आता उठायचं बघा. पुढच्या खेपेला हार घेऊन येतील." मी हसलो, पाठीत कळ आली, आणि हसण्यावरही पथ्य लागलं.

मग एका दुपारी शेजारच्या काकू आल्या. गावातली कुठलीही गोष्ट स्पष्ट बोलून टाकायची जबाबदारी या काकूंची आहे. पदराने वारा घेत त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

"आता गं माय! साऱ्या वालूरची उसण हिच्या पायाखाली गेली, आन् घरचा माणूस असा पडून?"

"काकू, चहा टाकू का?" बायको म्हणाली.

"टाक की. पन मी काय म्हणते, घरच्याला गुण कामून न्हाई? लोक बोलायलेत हं. म्हणायलेत, तिच्या पायातलं गेलं."

"लोकायला काय काम हाय?" मी खालून म्हणालो.

"तुमी पडून ऱ्हावा सर. तुमाला उठायचं काम हाय, ते आधी करा."

बायकोने चहा दिला. त्यात साखर टाकायची विसरली होती. काकूंनी तो मुकाट्याने प्यायला, यावरून त्यांनाही बोललेलं लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर कुणीतरी कण्हत आलं. आवाजावरून ओळखला, बाजारात पोती उचलणारा हमाल. मी आतल्या खोलीत होतो, दार लोटलेलं होतं.

"वैनी, पाय द्या की. आज पहाटं पोतं घेतानी भरली. सरळ होता येईना."

मग तिचा आवाज आला. "दुसरं कुनी बघा, भाऊ. माझ्या पायात आता काई न्हाई."

"आसं कामून म्हणायलाव, वैनी?"

"न्हाई म्हणलं ना."

त्याच्या चपला फरफटत गेल्या. ती आत आली, गॅस पेटवला, विटकर ठेवली आणि तिच्याकडे पाहत उभी राहिली. माझ्याकडे पाठ होती. तिची पाठ ताठ आहे, आजवर कधी दुखलेली नाही. त्या दिवशी ती मला जरा वाकलेली दिसली. तिच्या जवळ असलेली ती एक गोष्ट माझ्यामुळे चालली होती. इतकी वर्षं मी भीत होतो की तिने पाय लावला आणि उतरलं नाही, तर तिचं सगळं जाईल. आता न लावताच जायला निघालं होतं.

दुपारी ती शेकायला बसली तेव्हा मी म्हणालो, "अगं, उद्या सकाळी मला पाय दे."

"काय द्यू?"

"पाय. पाठीवर."

शेकणारा हात थांबला. "तुमी? तुमी तर ह्याला थोतांड म्हणता."

"विश्वास तुझा, पाठ माझी. निम्मं-निम्मं."

"नवऱ्याला पाय लावू व्हय मी? सात जन्माचं पाप."

"हा सातवाच असला म्हणजे? तू कुठं चौकशी केलीस?"

ती हसली नाही. विटकर फडक्यात पुन्हा गुंडाळली, पुन्हा सोडली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आन् न्हाई उतरली म्हंजे?"

हेच ते होतं. पाप-बिप वरचं होतं.

"उतरेल," मी म्हणालो. सूत्रसंचालन करताना लावायचो तोच आवाज लागला. मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. काहीही झालं तरी "उतरली" म्हणायचं, भिंतीला धरून का होईना उठून दाखवायचं आणि ओसरीपर्यंत चालत जायचं. जन्मभर लोकांच्या खोट्या भाषणांवर नाक मुरडलं. एक आपलंही होऊन जाऊ दे.

सकाळी ती न्हाऊन आली. केस ओले होते, पावलं नुकतीच धुतलेली. बोलायचं नाही हा नियम, म्हणून मी हातानेच सदरा वर केला आणि कण्हत पालथा झालो. तोंड सतरंजीत. मला फक्त तिच्या पावलांचा आवाज ऐकू येत होता. ती आली, थांबली, परत मागे गेली. देवापाशी गेली असावी. पुन्हा आली.

ओल्या सारवणावर टाकावा तसा तिने पाय ठेवला. आधी जोडव्याचा थंडपणा लागला, मग भेगाळलेली टाच, मग हळूहळू सगळं पाऊल. उचलला, ठेवला. पुन्हा उचलला, ठेवला. वजन इतकं कमी होतं की ती दुसऱ्या पायावर सगळा भार घेऊन कशी उभी असेल, याची मला काळजी वाटली. आता बोलायचं, असं मी ठरवत होतो, तेवढ्यात पाऊल हललं. ते चाचपत होतं. मणक्याच्या अलीकडे, पलीकडे, खाली, आंधळ्याने बोटांनी भिंत पाहावी तसं. एका जागी थांबून त्याने थोडा दाब दिला. मला घाम फुटला.

"उतर—" मी सुरुवात केली.

"गप ऱ्हावा." तिने नियम मोडला. पाय पुन्हा एकदा त्याच जागी फिरला. "ही उसण न्हाईच."

"म्हणजे?"

"उसण आसली की पायाखाली कळती. गाठ सरकती. उसण म्हंजे उसनी. कुठून तरी आलेली आसती, ज्याची त्याला जाती वापस. हे सरकना. हे तुमचं सवताचं हाय, घरचं. घरचं कुठं वापस द्यायचं?"

उसण आणि उसनं या दोन शब्दांचं मूळ एक असेल, याची मला दाट शंका आहे. एरवी मी ती बोलून दाखवली असती. पण तोंड सतरंजीत होतं, आणि पाय अजून पाठीवरच होता.

ती खाली बसली. मी मान कशीबशी वळवली. तिचे डोळे भरले होते आणि चेहरा मात्र उजळला होता, जसा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"इतके दिस मी उगंच जीवाला खाल्लं," ती म्हणाली. "मला वाटायचं, दवा माझ्यापाशी हाय आन् पापाला भिऊन मी तुमाला तसंच दुखू द्यायलेय. तुमी कण्हायचाव रात्री, अन् मी आपले पाय पोटाशी घेऊन पडायची. वाटायचं, हेच पाय. लावले तर आत्ता उतरल."

मी तिच्या पायाच्या अब्रूची काळजी करत होतो आणि ती माझ्या दुखण्याचं पाप आपल्या पायाशी बांधून झोपत होती. दोघंही एकाच पाठीला भीत होतो. आपलं दुखणं बरं होणारं नाही, हे ऐकून घरात एवढा आनंद झालेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही. मला खोटं बोलावं लागलं नाही, ही त्यात माझी वेगळी मिळकत.

काकूंना तिने कुंपणावरूनच सांगितलं, "सरांची उसण न्हाई, काकू. हाडाचं हाय. माझा पाय हाडाला काय करील?" काकू म्हणाल्या, "मी आधीच म्हणले होते." म्हणाल्या नव्हत्या, पण गावात निरोप पोचवायला त्यांच्यासारखं कुणी नाही. पुढच्या सकाळी हमाल ओसरीवर पालथा पडला होता. उठला, कमरेवर हात ठेवून मागे झुकून पाहिलं, हात जोडले आणि गेला. त्याचा तो तिसरा दिवस होता.

माझी पाठ आपल्या सवडीने सुटली. गोळ्यांनी, शेकण्याने, किंवा कंटाळून. पट्टा बांधून मी आता बारवेपर्यंत फिरून येतो. पुन्हा धरेल, ते ठाऊक आहे. पण एक नवीन रीत पडली आहे. सकाळी न्हाऊन आली की ती म्हणते, "पडा पालथे." आता पाय तीनदा लावायचा वगैरे काही नाही. भिंतीला हात टेकून ती पावलाने पाठ दाबते, चांगला जोर देऊन, आणि दाबताना भाजीचं, पाण्याच्या पाळीचं, काकूंचं सगळं बोलत असते. मी एकदा म्हणालो, "गुण तर येत नाही ना याने?"

"गुण न्हाई तर न्हाई. बरं वाटायलंय का न्हाई?"

बरं वाटायलंय.

झालं की ती माझ्या पायांशी जाते आणि वाकून नमस्कार करते. मला ते आवडत नाही. पण मी पालथा, आणि पालथ्याचा उताणा व्हायला मला बराच वेळ लागतो. तोवर ती नमस्कार करून चहाला गेलेली असते. हे किती दिवस चालणार, असं मी परवा विचारलं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "पाप फेडायलेय."

आमच्या क्रियापदाची खोड मी सुरुवातीलाच सांगितली आहे.